पाण्यातला बेडूक आणायचाय? आधी पाणी, मग बेडूक, आणि खाणं सगळ्यात शेवटी

ॲक्वेरियमच्या दुकानात पांढरा-पिवळसर, लाल डोळ्यांचा बेडूक हातपाय पसरून तरंगताना दिसतो आणि लोक तिथल्या तिथे घेऊन टाकतात. दुकानदार सांगतो की माशासारखाच ठेवा, वेगळं काही लागत नाही. मग टँक, बेडूक आणि खाद्याचा डबा एकाच पिशवीतून घरी येतात, नळाचं पाणी भरतात, बेडूक सोडतात, पोरं लगेच मूठभर खाद्य टाकतात, दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं म्हणून सगळंच्या सगळं पाणी बदलतात, आणि आठ-दहा दिवसांत बेडूक मरतो. मग सगळे म्हणतात बेडूकच आजारी होता. बहुतेक वेळा तो आजारी नसतो, कामं उलट्या क्रमाने झालेली असतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. हा बेडूक फुप्फुसाने श्वास घेतो, वर येऊन हवा घेतो, म्हणून घाण पाण्यात माशासारखा तडफडत नाही आणि लोकांना वाटतं किती काटक आहे. पण तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. म्हणजे पाण्यात क्लोरीन असो, अमोनिया असो, डासांच्या स्प्रेचे कण असोत, ते सरळ त्याच्या अंगात जातं. खाली जे काही लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त पाण्याबद्दलच आहे ते याच्यामुळे.

बेडूक आधीच घरी आला असेल तर सरळ टप्पा ५ च्या खालचा "बेडूक आधीच आणलाय" हा भाग वाचा, ते काम आज करा, बाकीचं नंतर निवांत वाचा.

टप्पा १: नक्की कोणता बेडूक आहे ते ओळखा

आपल्याकडे दुकानात दोन प्रकार मिळू शकतात आणि दोघांची निगा वेगळी आहे.

पहिला आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, शास्त्रीय नाव झेनोपस लेविस. आपल्याकडे बहुतेक करून याचाच अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्य नसलेला प्रकार विकतात. पुढच्या पायांची बोटं सुटी असतात, मध्ये पडदा नसतो. मागचे पाय मोठे, पडद्याचे, आणि आतल्या तीन बोटांना नखं. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, वर आकाशाकडे बघितल्यासारखे. अंगावर दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या बारीक रेघा दिसतात, त्यांनी तो पाण्यातली हालचाल ओळखतो. मादी १० ते १३ सेंटीमीटरपर्यंत वाढते, नर लहान राहतो. नीट ठेवला तर १५ वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो, म्हणजे दहावीतल्या मुलासाठी आणलेला बेडूक तो नोकरीला लागला तरी घरात असणार, हे आईवडिलांनी आधी ऐकून घ्यावं.

दुसरा आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. हा जेमतेम ४ सेंटीमीटरचा, डोळे डोक्याच्या बाजूला, आणि पुढच्या पायांच्या बोटांमध्येसुद्धा पडदा. याला जरा उबदार पाणी लागतं आणि अगदी बारीक खाणं लागतं.

तपासा: पुढच्या पायाची बोटं बघा. पडदा नाही तर क्लॉड, पडदा आहे तर ड्वार्फ. लहान क्लॉड फ्रॉग "ड्वार्फ आहे, एवढाच राहतो" म्हणून सर्रास विकला जातो, आणि दोन्ही एकत्र ठेवले तर क्लॉड मोठा झाल्यावर ड्वार्फला गिळतो.

हा लेख क्लॉड फ्रॉगसाठी आहे.

सांभाळा: पावसाळ्यात शेतातून, डबक्यातून आपला बेडूक पकडून आणून टँकमध्ये ठेवू नका. आपला तो मोठा पिवळा होणारा बुलफ्रॉग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. शिवाय तो जमिनीवर राहणारा प्राणी, त्याला वर यायला जागा नसेल तर तो पोहून पोहून थकतो आणि बुडतो.

टप्पा २: पैसे द्यायच्या आधी घरातलं तापमान मोजा

हे कुणीच करत नाही आणि आपल्या हवेत हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे. क्लॉड फ्रॉगला १८ ते २२ अंश सेल्सिअस पाणी सगळ्यात बरं, २४ पर्यंत ठीक, २६ च्या वर त्याला ताण येतो आणि ३० म्हणजे जिवावर बेततं. गरम पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो, जिवाणू भराभर वाढतात, आणि पाय लाल होण्याचा जो आजार पुढे सांगितलाय तो अशाच वेळी पकडतो.

एक बादली पाणी भरून टँक जिथे ठेवणार तिथे ठेवा, दुपारी तीनला आणि पहाटे असं चार दिवस थर्मामीटरने मोजा. पुण्या-नाशकात थंडीत आणि पावसाळ्यात काही अडचण येत नाही, हीटरची गरज नाही, १६ अंशापर्यंत गेलं तरी तो मजेत असतो. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे वर्षातले बरेच महिने पाणी २७-२९ वर अडकून राहतं. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पाणी थंड ठेवायचे उपाय आहेत, पण ते रोज करावे लागतात:

- पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा मारत ठेवायचा. बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, कोकणच्या दमट हवेत कमी. पाणी भराभर आटतं, ते रोज क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरायचं.
- प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून बंद बाटली टँकमध्ये तरंगत सोडायची. १ लिटरची बाटली ६० लिटर पाणी साधारण दीड अंशाने उतरवते. एका वेळी एकच बाटली. सुटा बर्फ टाकायचा नाही.
- टँक एसीच्या खोलीत ठेवायचा, किंवा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र घ्यायचं. चिलर महाग आहे.

यातलं काहीच जमणार नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की हा बेडूक घेऊ नका. दुकानात २९ अंशाला दिसतोय म्हणजे त्याला ते चालतं असा अर्थ होत नाही, दुकानात तो फक्त विकला जाईपर्यंत असतो.

टप्पा ३: टँक मांडा, बेडकाशिवाय

एक किंवा दोन बेडकांना दोन फुटी टँक घ्या, म्हणजे २४ इंच लांब, १२ रुंद आणि १५ उंच. बाऊल, बरणी, शोपीसचं गोल काचेचं भांडं, काही नको. पाणी १० ते ११ इंच भरायचं आणि वर चार बोटं तरी मोकळी हवा सोडायची, कारण त्याला वर येऊन श्वास घ्यायचा असतो. भरलेला टँक ६०-७० किलोच्या घरात जातो तेव्हा फ्रीजवर किंवा प्लायच्या डुगडुगत्या टेबलावर नको. खिडकीतलं थेट ऊनही नको.

तळाला काय घालायचं यावर लोक हमखास चुकतात. तो रंगीत बारीक खडीचा पॅकेट घेऊ नका. क्लॉड फ्रॉगला जीभ नसते, तो पुढच्या दोन्ही हातांनी समोर असेल ते तोंडात कोंबतो, अक्षरशः दोन्ही हातांनी पाणी कवळून आत ढकलल्यासारखं, आणि त्यात खडा गेला की आतडं तुंबतं. तळ रिकामा ठेवा, स्वच्छ करायला सगळ्यात सोपा. नाहीतर बारीक वाळू, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे. मधलं काही नको.

लपायला जागा लागतेच. मातीची नवीन कुंडी आडवी ठेवा, कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो पण भोक एवढं मोठं हवं की पूर्ण वाढलेली मादीसुद्धा आत वळू शकेल. टोकदार प्लॅस्टिकची झाडं कातडी ओरबाडतात. खऱ्या झाडांत अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधून ठेवा, तळात लावलेलं प्रत्येक झाड तो उपटणार.

फिल्टर म्हणून एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आणि सगळ्यात बरा. जोराचा पॉवर फिल्टर नको, अंगावरच्या त्या रेघांनी तो पाण्याची प्रत्येक हालचाल टिपतो, चोवीस तास धो धो प्रवाह म्हणजे त्याला चोवीस तास त्रास.

आता झाकण. पूर्ण टँकवर बसणारं, हवा खेळती ठेवणारं आणि वजन ठेवलेलं किंवा क्लिप लावलेलं. नायलॉनची जाळी फ्रेमला ताणून चालते. पंपाची नळी जिथून जाते ती फट सुद्धा बुजवा. हा बेडूक कायम पाण्यातला असला तरी रात्री उडी मारतो, आणि जमिनीवर काही तासांत सुकून मरतो.

तपासा: झाकण लावून कुठूनही दोन बोटं आत जातात का बघा. जात असतील तर लहान बेडूक बाहेर येऊ शकतो.

टप्पा ४: पाणी तयार करा

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सोसायटीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात त्या दिवशी तर वासच येतो, आणि टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही. पाणी २४ तास उघडं ठेवलं की साधं क्लोरीन बऱ्यापैकी उडतं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असेल तर तसं उडत नाही. म्हणून दोन्ही करा, पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा आणि दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. क्लोरीन तपासायचे थेंब मिळतात, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, ते पाणी वापरू नका.

बोअरचं जड पाणी याला चालतं, पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असला की फार विचार करू नका, तो बदलत राहता कामा नये एवढंच बघा. नुसतं आरओचं पाणी घालू नका, त्यातले क्षार निघून गेलेले असतात. ज्यांच्याकडे पाणी खूपच क्षारांचं आहे त्यांनी अर्धं आरओ मिसळलं तर ठीक.

बादली आणि पाइप फक्त टँकसाठी वेगळे ठेवा. ज्या बादलीत एकदा कपड्यांची पावडर भिजली ती बादली बेडकासाठी बाद.

सांभाळा: दुकानदार बरोबर खडे मीठ आणि निळ्या-पिवळ्या औषधाची बाटली देतो, "प्रत्येक पाण्यात चार थेंब टाका" म्हणतो. टाकू नका. ते माशांसाठी आहे, आणि तांबं असलेलं औषध तर बेडकाच्या पाण्यात अजिबात जाता कामा नये.

टप्पा ५: टँक सायकल करा, यात महिना जातो

बेडकाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये हळूहळू जिवाणू वसतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदललं की कमी होतं. नवीन टँकमध्ये हे जिवाणू नसतातच, ते वसेपर्यंत टँक बेडकाशिवाय चालवणं म्हणजेच सायकल करणं. स्वच्छ दिसणारं नवं पाणी म्हणूनच सगळ्यात धोक्याचं.

करायचं असं: टँक भरा, फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टँकमध्ये टाका, ते कुजून अमोनिया तयार होईल. थेंबांचं टेस्ट किट घ्या, दर दोन-तीन दिवसांनी बघा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा, ओलाच आणा, सुकू देऊ नका, काम बरंच लवकर होतं.

तपासा: खाद्य टाकत असतानाही अमोनिया ० आणि नायट्राइट ० असं सलग आठवडाभर आलं तरच बेडूक आणायला निघा. पाणी काचेसारखं दिसतंय याला काही अर्थ नाही, अमोनिया डोळ्याला दिसत नाही.

बेडूक आधीच आणलाय आणि टँक सायकल नाहीये

सायकल नाही म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू अजून वसलेले नाहीत. घाबरू नका, बऱ्याच जणांचं असंच होतं आणि बेडूक वाचवता येतो. पण पुढचा महिना शिस्तीत काढावा लागेल.

रोज ३० ते ४० टक्के पाणी बदला, टप्पा ४ प्रमाणे क्लोरीन काढून तयार केलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने. रोज म्हणजे रोज, रविवारीसुद्धा. टेस्ट किटवर अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) किंवा जास्त दिसलं तर त्या दिवशी दुसऱ्यांदा बदला. खाणं निम्मं करा, लहान बेडूक असेल तर एक दिवसाआड, मोठा असेल तर आठवड्यातून दोनदा, आणि उरलेला कण न कण काढा. फिल्टर बंद करू नका आणि स्पंज धुऊ नका, या महिन्यात त्याला हातच लावू नका. "सगळं काढून टँक घासून पुन्हा भरू" हा मोह सगळ्यांना होतो, ते केलं की जेवढे जिवाणू जमले होते तेवढे गेले आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर.

तळाला बारीक खडी असेल तर ती मात्र आजच काढा.

टप्पा ६: दुकानात निवडणं आणि घरी आणणं

मुंबईत कुर्ला, क्रॉफर्ड मार्केट अशा ठिकाणी किंवा तुमच्या गावातल्या दुकानात गेलात की लगेच बोट दाखवू नका, दहा मिनिटं उभं राहून बघा. चांगला बेडूक काचेजवळ हात नेला की सावध होतो, हवा घ्यायला सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लाल चट्टे नसावेत, कापसासारखी पांढरी बुरशी नसावी, अंग फुगलेलं नसावं, आणि उलट हाडं दिसण्याइतका बारीकही नसावा. एकाच टँकमध्ये मेलेला बेडूक दिसला तर त्या टँकमधला कुठलाच घेऊ नका, कितीही कळवळा आला तरी. फार लहान, दोन-अडीच सेंटीमीटरचा पिल्लू नवशिक्याने घेऊ नये, चार-पाच सेंटीमीटरचा घ्या.

पिशवीत पाणी कमी आणि हवा जास्त असायला हवी. मी तर झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन जायला सांगेन, त्यात तो बुडेल एवढंच दुकानातलं पाणी. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर आणा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ती आतून किती तापते ते हात घालून बघा.

घरी आधीचा बेडूक असेल तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या टबमध्ये, वेगळ्या बादली-पाइपसह ठेवा. बेडकांना होणारी कातडीची बुरशी, कायट्रिड, बाहेरून काही न दाखवताही अंगावर असू शकते.

टप्पा ७: पाण्यात सोडणं

१. टँकचा लाइट बंद करा, खोलीतलाही मंद करा.

२. बंद पिशवी किंवा डबा टँकच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा.

३. पिशवी उघडा आणि दर पाच-सात मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी आत घाला. पाऊण तासात पिशवीतलं पाणी दुपटीहून जास्त व्हायला हवं.

४. बेडूक मऊ, बारीक जाळीने किंवा डबा तिरका करून टँकमध्ये जाऊ द्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, ते संडासात.

५. झाकण लावा. लगेच. आधी फोटो काढून मग झाकण असं नको.

हाताने पकडू नका. तो प्रचंड बुळबुळीत असतो, निसटून फरशीवर पडला की पाय मोडतो, आणि आपल्या हातावरचं क्रीम, सॅनिटायझर, डास पळवायचं मलम त्याच्या कातडीतून आत जातं. टँकमध्ये हात घालायच्या आधी नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत खळखळून धुवा, आणि हात बाहेर काढल्यावर साबणाने धुवा, कारण पाण्यातल्या बेडकांकडून माणसाला सॅल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचा जिवाणू-संसर्ग होऊ शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे मनावर घ्या, त्याला टँकमध्ये हात घालू देऊ नका आणि टँकचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.

टप्पा ८: पहिला आठवडा, फक्त बघा

पहिले ४८ तास खायला काही देऊ नका. लपून बसेल, कोपऱ्यात काचेला नाक लावून बसेल, माणूस आला की वेड्यासारखा इकडून तिकडे पळेल, हे सगळं चालतं. चार-पाच दिवस खाल्लं नाही तरी चिंता नाही. टँकच्या एका बाजूला बाहेरून कागद लावला की बराच शांत होतो.

बघून लोक घाबरतात पण घाबरायचं कारण नाही अशा काही गोष्टी: हातपाय सोडून मेल्यासारखा तरंगणं, अंगावरून पातळ पारदर्शक पापुद्रा निघणं आणि तो पापुद्रा त्याने स्वतःच खाऊन टाकणं, ही त्याची कात आहे, रात्री पाण्याखालून घड्याळाला चावी दिल्यासारखा कटकट-कटकट आवाज येणं, तो नर आहे.

या आठवड्यात घरात पेस्ट कंट्रोल, झुरळांचा स्प्रे, रंगकाम काही नको. डासांची कॉइल, लिक्विड मशीन आणि धूप टँकच्या खोलीत तर कायमचीच बंद. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे तुम्ही जे जाळाल ते पाण्यात उतरतं. पेस्ट कंट्रोल टाळता येत नसेल तर टँक झाकून, पंप बंद करून भागत नाही, बेडूक डब्यात घालून दोन दिवस दुसऱ्याच्या घरी न्या.

टप्पा ९: खाणं

सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे गांडूळ. गांडूळखत करणाऱ्यांकडून आणा, रासायनिक खत-फवारणीच्या शेतातून नाही. आणल्यावर दिवसभर ओल्या कागदात ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते, मग धुऊन, लहान बेडकाला तुकडे करून द्या. खतातली काही लाल गांडुळं कडवट पिवळा रस सोडतात, बेडूक तोंडात घेऊन थुंकतो, तर दुसऱ्या जातीची बघा.

मांसाहारी माशांसाठी मिळणारे बुडणारे पेलेट (दाणे), गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या), सोललेल्या ताज्या कोलंबीचा बारीक तुकडा, हे आलटून पालटून. एकाच गोष्टीवर ठेवू नका. कासवांच्या खाद्याच्या तरंगत्या काड्या कधीतरी ठीक, रोजचं खाणं म्हणून नाही.

देऊ नका: सुकट-जवळा, त्यात मीठ असतं, चिकन-मटणाचे तुकडे आणि कलेजी, चरबी जास्त, पोळी, भात, ब्रेड, आणि जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे), ते घाण पाण्यातून येतं. "चारा" म्हणून गप्पी-गोल्डफिशही नको, माशांसोबत परजीवी येतात. सोबत म्हणून तर मासे ठेवूच नका, तोंडात मावेल ते तो खातो आणि काटेवाला मासा घशात अडकतो.

किती? पाच सेंटीमीटरपर्यंतच्या बेडकाला रोज, मोठ्याला आठवड्यातून तीनदा. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच, साधारण त्याच्या डोक्याएवढं. तो कायम भुकेलाच दिसतो, तुम्ही आलात की वर येतो, पण त्याला भूक आणि पोट भरणं यातलं काही कळत नाही, म्हणून हात तुम्हीच आवरायचा. अर्ध्या तासाने उरलेलं पाइपने ओढून काढा.

तपासा: वरून बघा. अंग मागे रुंद, पेरूसारखं दिसलं तर बरोबर. सगळीकडून गोल दिसायला लागला तर एक वेळचं खाणं कमी करा.

टप्पा १०: दर आठवड्याचं काम

एक वार ठरवून घ्या. आधी तापमान आणि अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट बघा, मग २५ ते ३० टक्के पाणी तळातली घाण ओढत काढा, मग एक-दोन अंशांच्या फरकातलं तयार पाणी सावकाश घाला. नायट्रेट ४० पीपीएमच्या वर असेल तर जास्त बदला. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली धरला की क्लोरीनने जिवाणू मेले आणि टँक पुन्हा कच्चा.

लाइट गेली तर बेडूक गुदमरत नाही, पण स्पंजमधले जिवाणू गुदमरतात. चार-पाच तासांहून जास्त लोडशेडिंग होत असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, आणि मोठा ब्रेक झाला की दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा.

टप्पा ११: ही लक्षणं दिसली तर

मांड्या-पोट लाल, सुस्ती, खाणं बंद: हा जिवाणूंचा संसर्ग, रेड लेग म्हणतात. पसरतो, वेगळा करा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

अंग फुग्यासारखं ताठ, पायसुद्धा सुजलेले: जलोदर. अंडी भरलेली मादी फक्त कमरेकडे गोल होते, पाय नेहमीसारखे असतात, गल्लत करू नका.

पांढरा कापूस: बुरशी, बहुतेक आधी जखम झालेली असते.

कातडी सतत फुटून निघणं, खडबडीत होणं, बारीक होत जाणं: परजीवी किंवा कायट्रिड असू शकतो, बघून सांगता येत नाही, तपासणी लागते.

काहीही असलं तरी पहिलं काम एकच, पाणी मोजा आणि ३० टक्के बदला. मग बेडकाला झाकणाच्या टबमध्ये, तयार केलेल्या थंडसर पाण्यात, तळ रिकामा ठेवून हलवा, पाणी इतकंच की त्याला बसूनही नाक वर काढता येईल. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर बेडूक बघत नाहीत, म्हणून एक्झॉटिक प्राणी बघणारा व्हेट बेडूक ठणठणीत असतानाच शोधून नंबर लिहून ठेवा. माशांचं औषध अंदाजाने घालू नका.

उडी मारून बाहेर पडलेला, धुळीने माखलेला सापडला तर मेला समजून टाकून देऊ नका. क्लोरीन काढलेल्या पाण्याने हलकेच धुवा, केस-धूळ ओढून सोलू नका, उथळ पाण्याच्या टबमध्ये अंधारात ठेवा. पुष्कळदा उठतो.

टप्पा १२: गावी जाताना, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर

गणपतीला आठवडाभर गावी जाताय तर मोठ्या बेडकाला त्या दिवसांत खायला द्यायची गरजच नाही. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, शेवटचं खाणं द्या. शेजाऱ्यांना चावी दिलीत तर खाद्याचा डबा कपाटात ठेवून जा, कारण प्रेमाने डबाभर खाद्य टाकतात आणि तुम्ही येईपर्यंत पाणी नासतं. त्यांना तीनच गोष्टी कागदावर लिहून द्या: झाकण बंद आहे का, पंपाचे बुडबुडे येतायत का, थर्मामीटर २६ च्या खाली आहे का. लहान बेडूक असेल तर एक दिवसाआडच्या पुड्या बांधून ठेवा, एका पुडीत एका वेळचंच.

बदली झाली, उन्हाळा झेपेना, काहीही कारण असो, तो तलावात, ओढ्यात, विहिरीत सोडायचा नाही. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल आणि सिसिलीत हाच बेडूक बाहेर पसरून बसलाय, तिथले बेडूक-मासे खातो, आणि कायट्रिडसारखे आजार आपल्या बेडकांपर्यंत नेऊ शकतो. टँकचं काढलेलं पाणीसुद्धा नाल्याकडे किंवा शेततळ्याकडे न जाता संडासात ओता. बेडूक द्यायचा असेल तर आधी दुकानाला विचारा, बरीच दुकानं परत घेतात, नाहीतर टँक असलेल्या माणसाला टँक, फिल्टर आणि तो जुना स्पंज ओला ठेवून सगळ्यासकट द्या, म्हणजे त्याला टप्पा ५ पुन्हा करावा लागणार नाही.